सातबाऱ्यावर नाव नसलेल्या पाड्याचा इतिहास-भूगोल कसा लिहावा

शहापूर किंवा मुरबाडकडच्या माणसाला ठाण्यात कोणी "गाव कोणते" असे विचारले, तर त्याच्याजवळ पुष्कळदा दोन उत्तरे असतात. एक आधार कार्डावरचे, जे तो परक्याला सांगतो. दुसरे त्याच्या वस्तीचे, जे तिकडची वाट ठाऊक असलेल्यालाच सांगण्यात अर्थ असतो. हे दुसरे नाव म्हणजे पाडा, वाडी किंवा नुसते "वरचे घर, खालचे घर" असे काहीतरी असते. त्याला स्वतःची ग्रामपंचायत नसते, तलाठ्याच्या दप्तरात स्वतंत्र पान नसते आणि जनगणनेच्या पुस्तकात ओळ नसते. अशा वस्तीचा इतिहास आणि भूगोल लिहायचा असेल तर काय करावे, कोणते कागद मागावेत आणि कोणाला काय विचारावे, हे येथे सांगितले आहे. माझे आजोळ शहापूर तालुक्यातील अशाच एका पाड्यावर आहे आणि त्याची माहिती लिहिताना जे ठेचकाळणे झाले, त्यातूनच यातील बहुतेक सूचना आल्या आहेत.

पहिले काम म्हणजे पाड्याचे महसुली गाव शोधणे. महसुली गाव म्हणजे मोजणी होऊन हद्द ठरलेले, स्वतंत्र नकाशा व आकारबंद (प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र आणि आकारणी यांची नोंद) असलेले गाव. जनगणनाही याच गावाला एकक मानते. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी संकेतांक दिलेला आहे आणि त्याच्या पोटातील पाड्यांची लोकसंख्या एकत्रच मोजलेली आहे. म्हणून "आमच्या पाड्याची लोकसंख्या इतकी" असे जनगणनेचा आकडा देऊन कोणी लिहिले, तर तो आकडा जवळजवळ नक्की साऱ्या गावाचा असतो. पाड्याचा आकडा हवा असल्यास उंबरे मोजावेत, अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षण नोंदवहीशी ताडून पाहावेत आणि मोजल्याचा महिना लिहावा. महिना लिहिण्याचे कारण असे की दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीतील पाडा आणि जुलैमधील पाडा यांची माणसे सारखी नसतात.

महसुली गाव आणि ग्रामपंचायत हेही एक नव्हे. अनेक ठिकाणी दोन-तीन महसुली गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असते, आणि एकाच ओढ्याच्या अलीकडचा पाडा एका पंचायतीत व पलीकडचा दुसरीत, असेही आढळते. मला एका कार्यालयात तीन खेपांना "असे गावच नाही" असे ऐकावे लागले. चूक अर्धी माझीही होती, कारण अर्जावर मी पाड्याचे नाव लिहिले होते. चौथ्या खेपेला महसुली गावाचे नाव आणि आजोबांच्या जमिनीचा जुना सर्व्हे नंबर लिहून नेला, तेव्हा तोच बस्ता कपाटातून निघाला. त्यामुळे घरोघर फिरण्यापूर्वी कोणाचा तरी सातबारा हाती घ्यावा आणि त्याच्या माथ्यावरील गाव, तालुका व गट क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. जिल्हाही नीट लिहावा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या छापील साहित्यातील "ठाणे जिल्हा" म्हणजे डहाणू-जव्हारपर्यंतचा प्रदेश असतो, तर आताच्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड हे सातच तालुके आहेत.

पाड्याची हद्द

पाड्याला सरकारी हद्द नसते, पण हद्द असते. ती गावदेवाच्या जागेने, वाघदेवाच्या खांबाने, ओहोळाने, मसणवटीने आणि गुरे कुठवर जातात यावरून ठरलेली असते. ती कागदावर आणण्याचा मार्ग एकच आहे: पाड्यावरील जाणत्या माणसाबरोबर ती पायी फिरणे. मोबाइलमधील जीपीएसने प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि खुणेचे नाव तो माणूस जसे उच्चारतो तसेच लिहावे. ही फेरी दोनदा करावी, एकदा वैशाखात आणि एकदा श्रावणात. वैशाखात जो खडकाळ उतार दिसतो, तो श्रावणात चार ओहोळांनी फुटलेला असतो, आणि पाड्याच्या दोन घरांमध्ये वर्षाचे चार महिने जाणे-येणे का नसते ते तेव्हाच कळते.

वारली पाड्यांवरील वाघदेवाच्या लाकडी फळीवर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. त्या फळीचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. नको म्हटले तर शब्दांत वर्णन लिहावे, तेवढे पुरते.

जमीन आणि पाणी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील जमीन दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची आहे, आणि सह्याद्रीच्या कड्यांपासून खाडीकडे ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. पाड्याच्या भूगोलात ते एकदाच लिहावे आणि पुढे सरकावे. त्यानंतर जे लिहायचे ते पाड्यावरील माणसांच्या शब्दांत लिहावे, कारण जमिनीचे त्यांचे वर्गीकरण अधिक बारीक असते. सखल भागात पाणी अडवून बांध घातलेली भाताची ती खाचरे. डोंगरउतारावरची हलकी, नाचणी-वरीची, काही वर्षांनी पडीक ठेवावी लागणारी ती वरकस. रोपांसाठी पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून उन्हाळ्यात जी जागा भाजतात तो राब. कोणाच्या घराला किती खाचर आणि किती वरकस आहे हे कळले, की घरातील माणसे हंगाम संपल्यावर कुठे जातात याचे निम्मे उत्तर मिळते.

पाण्याविषयी लिहिताना उलट दिशेने, म्हणजे पाड्यावरील ओहोळापासून समुद्राकडे जावे. आमच्या पाड्याचा ओहोळ भातसेला मिळतो, भातसा काळूला, काळू उल्हासला, आणि उल्हासचे पाणी खाडीतून समुद्राला जाते. ही साखळी नीट जोडली तर पुढील गोष्ट वाचकाच्या आपोआप ध्यानात येते: ज्या शहापूर तालुक्यातील धरणांचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. तानसा धरण 1892 मध्ये पूर्ण झाले. जलवाहिनीच्या कडेचा रस्ता कित्येक वस्त्यांसाठी आजही जाण्यायेण्याची मुख्य वाट आहे, आणि पत्ता सांगताना "पाइपलाइनच्या वरच्या अंगाला" असेच म्हणतात. पाड्यावरील प्रत्येक विहीर, झरा, डबके आणि हातपंप यांच्यापुढे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ते लिहावे. विहीर कोणी खणली, कोणाला तिच्यावर येऊ दिले जात नव्हते आणि केव्हापासून येऊ दिले, हेही विचारावे. उत्तर तुटक मिळेल. तसेच तुटक लिहावे.

उंची आणि चढ-उतारासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे वापरावेत. जुन्या क्रमांकन पद्धतीत ठाणे शहर 47 ए या पत्रकात येते आणि शहापूर-मुरबाडचा भाग 47 ई मध्ये. या नकाशांवर महसुली गावांखेरीज पुष्कळ पाड्यांचीही नावे असतात. नाव थोडे चुकलेले, किंवा शेजारच्या टेकाडावर छापलेले असू शकते. ते चुकलेले नाव टाकून देऊ नये, कारण वनखात्याच्या कागदात तीच चूक पुढे आलेली असते आणि तुम्हाला त्याच नावाने फाइल मागावी लागते.

नावांचा मोह

स्थलनामांवर लिहिताना हात आखडता ठेवावा. ठाण्याचे श्रीस्थानक, किंवा डोंबिवली-कांदिवलीतील "वली" म्हणजे संस्कृतातील पल्ली, एवढे ठीक आहे. पण पाड्याच्या नावामागे एखादा राजा किंवा रामायणातील प्रसंग येऊन बसला की तो कोणाच्या तोंडून आला ते लिहावे आणि "असे सांगतात" म्हणून सोडून द्यावे. पाड्यांची नावे साधी असतात. येऊरच्या डोंगरातील जांभूळपाडा किंवा भेंडीपाडा यांना वेगळ्या कथेची गरज नाही. शेतांची नावे मात्र एकूण एक गोळा करावीत, कारण ती कोठेच लिहिलेली नाहीत आणि शेत विकले की एका पिढीत पुसली जातात. जुन्या कागदांत वस्त्यांची जातिवाचक नावे आढळतात. राज्य सरकारने 2020 मध्ये ती बदलण्याचा निर्णय घेतला, म्हणून लेखात आजचे नाव वापरावे आणि जुने नाव फक्त कागद शोधण्याची खूण म्हणून एकदा नोंदवावे.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावे

"पाडा किती वर्षांपूर्वी वसला" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला "लई वरसं झाली" हेच उत्तर मिळते. त्याऐवजी "आधी पाडा कुठे होता" असे विचारावे. साथीमुळे, पाणी आटल्यामुळे किंवा सावकाराच्या जाचामुळे पाडे हलत आले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी जुन्या पाड्याची जागा कोणीतरी दाखवते. तेथे जोत्याचे दगड, खापऱ्या, खडकात पडलेले उखळ आणि रांगेत उभ्या असलेल्या चिंचा पाहाव्यात. रानात चिंचा रांगेत उगवत नाहीत.

साल ठरवण्यासाठी घटनांचे खुंटे वापरावेत आणि एका खुंट्यावर कधीही भिस्त ठेवू नये. आमच्या पाड्यावरच्या एका आजींकडे मी अंगणात बसलो होतो. त्या सुपात वाल निवडत होत्या. "आजी, तुमचं लगीन कोणत्या साली झालं?" या प्रश्नावर त्यांनी मान वर केली नाही. "रेशनला मिलो मिलायचा तवा," एवढेच म्हणाल्या. मिलो म्हटले की आपल्याला 1972 चा दुष्काळ आठवतो, आणि मीही तेच साल वहीत लिहिले. पण ही लाल परदेशी ज्वारी त्याआधीच्या दशकातही रेशनवर येत होती. म्हणून थोरल्या मुलाचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला शालंत घातला तवा गुरुजी पिंपलाखाली शिकवायचं." जिल्हा परिषदेच्या शाळेतील जनरल रजिस्टरात त्या मुलाचा प्रवेश 1971 चा निघाला, म्हणजे लग्न दुष्काळाच्या पुष्कळ आधीचे होते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जनरल रजिस्टरातील जन्मतारखेवर विश्वास ठेवू नये, कारण अर्ध्या पाड्याचा जन्म 1 जूनचा असतो. प्रवेशाची तारीख मात्र गुरुजींनी त्याच दिवशी लिहिलेली असते. त्या रजिस्टराचे पहिले पान म्हणजे शाळेच्या आरंभाचा पुरावा, आणि त्यावरील आडनावांचा क्रम म्हणजे शाळेत मूल आधी कोणी घातले त्याची यादी.

आपल्या भागात चालणारे आणखी खुंटे असे: 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, जिची आठवण "मानमोडी" या नावाने घराण्याच्या बोलण्यात टिकून आहे, टिटवाळ्याला जानेवारी 1945 मध्ये भरलेली किसान सभेची परिषद, जिच्यानंतर वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा उत्तरेकडील तालुक्यांत पेटला, आणि 26 जुलै 2005 चा पूर. रेल्वेही उपयोगी पडते. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 ची, आणि कल्याणपर्यंतचा मार्ग 1854 चा. लाकूड, गवत आणि कोळसा शहराकडे जाऊ लागल्यावर रानातील कोणती वस्ती कोणत्या कामाला लागली, हे विचारताना ही साले डोक्यात असावीत.

कागद

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. कागद पाड्याच्या नावाने मिळत नाहीत, पण पाड्यावरील माणसांच्या नावाने मिळतात, आणि दहा-बारा घराण्यांचे कागद एकत्र ठेवले की पाडा आपोआप उभा राहतो.

आरंभ सातबाऱ्यापासून करून उलटे मागे जावे. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांकाची नोंद गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, दोन-चार ओळींत लिहिलेली असते. कोण वारले, कोणाला वारस लावले, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे तेथे कळते. ठाणे जिल्ह्यात सर्वांत बोलके फेरफार कुळकायद्याचे आहेत. 1948 च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ हे मालक मानले गेले. त्यानंतरच्या वर्षांत "32-ग" (कुळाने द्यायची जमिनीची किंमत ठरवण्याचे कलम) असा शेरा असलेल्या नोंदी ओळीने दिसतात. ज्या पाड्यावर त्या दिसत नाहीत, तेथे का नाहीत हा तुमच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो: कुळांची नावे कधी लागलीच नव्हती, की त्यांनी भीतीपोटी जमीन सोडली, की ती जमीन वनखात्याची होती?

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात, असतात आणि त्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ठेवलेल्या असतात. मृत्यूचे कारण आणि वय तेथे मिळते. एखाद्या महिन्यात एकाच पाड्यावरील सहा-सात नोंदी ओळीने आल्या तर साथ आपोआप समोर येते. जुनी पाने मोडी लिपीत असतात. मोडी तीन-चार महिन्यांच्या सरावाने वाचता येते. निदान नावे आणि आकडे तरी. कालगणनेत फसू नये. शक वर्षात 78 मिळवावेत आणि तारीख जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची असेल तर 79. फसली सनात 590 मिळवावेत, सुहूर सनात 599. ही दोन्ही वर्षे मृगाला सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी आणखी एक मिळवावा लागतो.

तिसरा कागद भूमी अभिलेख कार्यालयातील टिपण. मोजणीदाराने शेताची आकृती काढून प्रत्येक बांधाची लांबी साखळी आणि आण्यांत लिहिलेली असते. एक साखळी म्हणजे 33 फूट आणि तिचे 16 आणे; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोबर 1 गुंठा, 1089 चौरस फूट. मामाच्या शेताच्या टिपणावर एका बांधापुढे "4 साखळी 8 आणे" असे होते, म्हणजे 148.5 फूट. टेप धरून मोजले तर बांध चार हातांनी कमी भरला. उरलेला ओढ्याने नेला होता, आणि ओढा सरकल्याची गोष्ट जी मामा सांगत असत ती त्या दिवशी लेखात लिहिण्याजोगी झाली.

चौथा साठा पुष्कळांच्या लक्षात येत नाही: वनहक्क दाव्यांच्या फाइली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना वडीलधाऱ्यांचे जबाब, विहिरी, बांध, मसणवट आणि देवस्थाने यांचे पुरावे जोडावे लागतात, त्यामुळे पाड्याचा निम्मा इतिहास लोकांनी आधीच लिहून दिलेला असतो. त्यांची प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे मागावी. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड व भिवंडीचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) 2014 च्या राज्य नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट आहे, म्हणून तुमच्या पाड्याने तसा ठराव केला होता का, हे विचारून ठेवावे.

कार्यालयात तोंडी काम न झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या शुल्कासह करावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. अर्जात "पाड्याची संपूर्ण माहिती" असे कधीही मागू नये. नमुना, गाव, वर्ष आणि गट क्रमांक लिहावेत.

त्याहून जुने काही हवे असेल तर 1882 मध्ये छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाण्याविषयीचे भाग पाहावेत, पण तेथे पाडा सापडेल अशी आशा धरू नये. शेती, जाती-जमाती आणि करपद्धतीवरील प्रकरणे उपयोगी आहेत. आदिवासींच्या स्वभावावरील शेरे गोऱ्या अधिकाऱ्याचे आहेत, ते उचलू नयेत. शेतात कोरीव दगड आढळला तर तो हलवू नये. वर चंद्रसूर्य आणि खाली गाढवाची आकृती असेल तर तो गद्धेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. उत्तर कोकणात असे दगड शिलाहारांच्या काळापासूनचे आहेत.

खाडीकडची गावे

नवी मुंबईत काम उलटे असते. तेथे गाव कागदावर ठसठशीत आहे आणि जमिनीवर शोधावे लागते. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. महापालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 पासून सुरू झाला. घणसोली, तुर्भे, करावे, दिवाळे यांसारख्या गावांत आज हाती लागते ते गावठाण, म्हणजे घरांचा पुंजका. खार जमिनी, मिठागरे, बांध आणि भरतीचे पाणी अडवणारी उघाडी इमारतींखाली गेली आहेत. तेथे संपादनापूर्वीच्या गाव नकाशाची पारदर्शक प्रत काढून ती आजच्या उपग्रह छायाचित्रावर ठेवावी, आणि आगरी-कोळी जुन्या माणसाला घेऊन सेक्टरमधून फिरावे. बसस्टॉपजवळ उभे राहून तो "ही आमची खारी" असे सांगेल, तेव्हा ते त्या नकाशावर लगेच लिहावे. साडेबारा टक्के योजनेची (संपादित जमिनीच्या बदल्यात मालकांना भूखंड परत देणाऱ्या योजनेची) कागदपत्रे घराण्यांची जमीन किती होती ते सांगतात, जमीन कशी होती ते सांगत नाहीत.

लिहून झाल्यावर

मजकुराची सुरुवात पाड्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेने करावी, मग पाणी, जमीन, घराणी, कागद असा क्रम लावावा. राजवटींची जंत्री शेवटी, आणि तीही पाड्याशी संबंध असेल तेवढीच. हयात माणसांची कर्जे, भांडणे आणि जमिनीचे वाद वगळावेत. छापण्यापूर्वी सारा मजकूर पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्याकडे मी तो शाळेच्या ओट्यावर वाचला. पहिली तीन पाने सर्वांनी शांतपणे ऐकली, आणि चौथ्या पानावर ओहोळाचे नाव येताच त्याच वाल निवडणाऱ्या आजी म्हणाल्या, "तो ववळ वरच्या पाड्याचा. आमचा त्याच्या खालचा, त्याला नावच नाय." लेखात मी ते नाव खोडले आणि तेथे "खालचा ओहोळ, नाव नाही" असे लिहिले.